महागाईचा आकडा आणि आपला बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी-कुडाळपासून वर दापोलीपर्यंतच्या ओळखीतल्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेले हे प्रश्न. काहींना सविस्तर उत्तर लागलं, काहींचं दोन ओळीत भागलं. पहिला प्रश्न मालवणीतच आला होता, तो तसाच ठेवलाय.

सरकार म्हणता महागाई कमी झाली, मगे बांगडो खंय स्वस्त झालो?

झाला नाही, आणि त्या आकड्याने तसं म्हटलेलंही नसतं. महागाईचा दर खाली आला म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला, भाव खाली आले असं नाही. धरून चला, दोन वर्षांमागे नारळ २० रुपयांना होता, गेल्या वर्षी ३० ला गेला, म्हणजे वाढ ५० टक्के. यंदा ३३ झाला, वाढ १० टक्के. आता बातमीत काय येणार, तर नारळाची महागाई ५० वरून १० वर आली, एकदम मोठी घसरण. पण सोलकढी करणारीला नारळ ३३ लाच घ्यायचाय ना, आणि तिच्या डोक्यात अजून २० चाच भाव बसलेला असतो. दोघंही खरं बोलतात, फक्त एक गेल्या वर्षाशी तुलना करतोय आणि दुसरी तिला आठवतं त्या भावाशी.

भाव खरंच उतरले तर दर शून्याच्या खाली जातो. अख्ख्या बाजाराचा तसा क्वचितच जातो, भाजीपाल्याचा मात्र जातो, त्याचं उदाहरण पुढे आहे.

हा आकडा रिझर्व्ह बँक काढते ना?

नाही. रिझर्व्ह बँक तो वापरते. काढतं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय, ते केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाखाली येतं. किरकोळ बाजारात तुम्ही-आम्ही जे पैसे मोजतो त्या भावांवरून जो निर्देशांक बनतो तो ग्राहक किंमत निर्देशांक, पेपरवाले त्याला सीपीआय लिहितात. गावांचा वेगळा, शहरांचा वेगळा आणि दोन्ही मिळून एकत्रित असे तीन निघतात, टीव्हीवर जो झळकतो तो बहुतेक वेळा एकत्रित.

म्हणजे करतात काय नेमकं? सगळ्या दुकानांत जाऊन विचारतात?

सगळ्या नाही, निवडलेल्या. २०१२ पाया असलेली, म्हणजे २०१२ चे भाव १०० धरून मोजलेली मालिका, जी अगदी आत्ताआत्तापर्यंत चालू होती, तिच्यात ३१० शहरांतले १,११४ बाजार आणि १,१८१ गावं होती. आठवड्याचं रोस्टर ठरलेलं असतं, त्याप्रमाणे कर्मचारी स्वतः जाऊन भाव घेतो. मुद्दा असा की दुकान तेच, वस्तू तीच, प्रतही तीच लागते. गेल्या महिन्यात अमुक प्रतीचा तांदूळ एक किलो विचारला तर ह्या महिन्यात पण तोच, नाहीतर गेल्या वेळी उकडा आणि ह्या वेळी बासमती विचारला तर जो फरक दिसेल तो महागाईचा नाही, तांदळाचा.

मग प्रत्येक वस्तूला वजन दिलेलं असतं. घराच्या एकूण खर्चात त्या वस्तूचा वाटा जेवढा, तेवढं तिचं वजन. काडेपेटी दुप्पट झाली तरी घर बुडत नाही पण दूध १० टक्क्याने वाढलं की महिन्याचं बजेट हलतं, म्हणून दोघांना सारखं धरता येत नाही. ही वजनं मनाने ठरवत नाहीत, घरोघरी जाऊन खर्चाचा सर्व्हे करतात त्यातून येतात, २०१२ च्या मालिकेतली वजनं २०११-१२ च्या सर्व्हेतली होती.

मग आमच्या मासळीला किती वजन?

इथे गंमत आहे. त्या मालिकेत देशपातळीवर मटण-मासे मिळून ३.६१ टक्के. धान्याला ९.६७, दुधाला ६.६१, भाजीला ६.०४. म्हणजे मासळी एकटी नाही, चिकन-मटण तिच्यातच, आणि तरी दुधाच्या जेमतेम अर्ध्यावर. ज्या घरात सोमवार-गुरुवार सोडून रोज चुलीवर कालवण असतं त्या घराला हा आकडा वाचून हसूच येणार. पण देशात कोट्यवधी घरं मासे शिवत नाहीत, ती सगळी ह्या सरासरीत आहेत. राज्यानुसार वजनं वेगळी धरतात, तरी महाराष्ट्रात पण आपण किनाऱ्यावरचे थोडेच, विदर्भ-मराठवाडा आणि मुंबई-पुणे त्यात मोठे.

तीन-चार वर्षं सुरमई आणि पापलेट कितीही चढलं तरी देशाच्या आकड्यावर त्याचा ओरखडासुद्धा उठत नाही, तो ह्यामुळे. कोणी लपवलेलं नसतं.

आमच्याकडे मासे किलोवर कुठे मिळतात, वाट्यावर मिळतात. शंभरचा वाटा गेल्या वर्षी पण शंभर, यंदा पण शंभर. म्हणजे महागाई शून्य?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण बाजारात नीट बघितल्याशिवाय तो सुचत नाही.

मासेवाली पाटीतून वाटे लावते तेव्हा तिला बंदरावरचा लिलाव माहीत असतो. बांगडा महाग मिळाला तर ती भाव १३० करत नाही, कारण शंभरची नोट काढून द्यायची गिऱ्हाईकाला सवय असते आणि १३० ऐकलं की माणूस पुढच्या पाटीकडे सरकतो. ती काय करते, वाट्यातले आठ बांगडे होते ते सहा करते, कधी वर एक मोठा ठेवते आणि खाली बारके सरकवते, आणि तुम्ही कटकट केलीत तर एक वर टाकते. ह्या सगळ्यात भाव शंभरच राहिला. पण आठ बांगड्यांना १०० म्हणजे एक साडेबाराला, सहाला १०० म्हणजे जवळजवळ १७ रुपयांना एक, म्हणजे वाढ ३३ टक्के. आणि बांगडे लहान असतील तर वजनावर काढल्यावर अजून जास्त.

म्हणून निर्देशांकात भाव हा कायम ठराविक मापाचा लागतो, नगाचा किंवा वजनाचा. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचलाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होतात, तिथे पण तोच हिशेब, पुड्याची किंमत न बघता ग्रॅमची बघायची. पुड्यावर निदान ग्रॅम छापलेले असतात. वाट्यावर काय छापणार, तिथे भाव घेणाऱ्याला वजन करून घेण्यावाचून इलाज नाही, आणि भर बाजारात गिऱ्हाइकांच्या गर्दीत मासेवालीला "जरा हा वाटा तोला बघू" असं सांगायचं म्हणजे काय ते ज्याने आठवडा बाजार बघितलाय त्यालाच कळेल. माझं मत असं की अशा बाजारात थोडी महागाई मोजमापातून निसटत असणार.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आकडा फुगत नाही का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ताजे मासे कमी, जे मिळतात ते महाग, लोक सुकटी-सुक्या बोंबलावर येतात. मे महिन्याशी जूनची तुलना केली तर मासळी भडकलेली दिसणारच. पण टीव्हीवरचा दर म्हणजे यंदाचा जून आणि गेल्या वर्षीचा जून. बंदी दोन्हीकडे असल्यामुळे तिचा परिणाम बराचसा कटतो. हापूसचं पण तेच, मार्चमधली पहिली पेटी आणि मे अखेरचा डझन ह्यांची तुलना करून महागाई काढत नाहीत.

पण सण काही इंग्रजी कॅलेंडर बघून येत नाहीत ना. गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला होते, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. चाकरमानी येतात, नारळ, भाजी, फुलं, गाड्यांची तिकिटं सगळ्यालाच जोर चढतो, मग ऑगस्ट २०२५ ची तुलना ऑगस्ट २०२४ शी केली की एका बाजूला गणपतीची खरेदी आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. श्रावणाचं तर विचारू नका, २०२३ ला अधिक श्रावण आला होता, मांसाहार सोडणाऱ्यांचे दोन महिने तसेच गेले. त्यामुळे एका महिन्याचा आकडा बघून उड्या मारू नयेत आणि छाती पण पिटू नये, तीन-चार महिने सलग बघावेत.

ऑक्टोबर २०२५ ला महागाई ०.२५ टक्के म्हणाले. पाव टक्का! हे कोणी मानायचं?

मानायचं, फक्त हिशेब बघून. ऑक्टोबर २०२४ ला निर्देशांक १९६.८ होता, ऑक्टोबर २०२५ ला १९७.३. म्हणजे २०१२ साली ज्या सामानाला १०० रुपये लागायचे त्याला एका ऑक्टोबरात १९६ रुपये ८० पैसे लागले आणि पुढच्या ऑक्टोबरात १९७ रुपये ३० पैसे. फरक ५० पैशाचा, १९६.८ वर तो पाव टक्का. त्या मालिकेतला हा सगळ्यात कमी दर. पण तुमचा खर्च शंभराचा जवळपास दोनशे झालाय हे त्याच आकड्यात लिहिलेलं आहे, ते कोणी वाचत नाही.

आता भाजी घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाला आधीच्या वर्षापेक्षा ४२.१८ टक्के महाग होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच २७.५७ टक्के उतरला. बातम्यांत आधी "भाजी भडकली" आणि मग "भाजी कोसळली". दोन्ही एकत्र मांडा: ऑक्टोबर २०२३ ला १०० ची भाजी, वर्षाने १४२ ची, अजून एका वर्षाने १०३ ची. दोन वर्षांत वाढ फक्त तीन टक्के! आधीचा आकडा उंच असला की नंतरची घसरण मोठी दिसते, ह्याला बेस इफेक्ट म्हणतात, आणि टीव्हीवरचे अर्धे वाद हा विसरल्यामुळे होतात. त्याच सुमारास म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी पण कमी झाला होता, त्याचाही हात होता.

आणि त्याच वर्षी सोनं आणि खोबरेल मात्र उलट्या दिशेला गेलं. सोनं पण ह्या टोपलीत, म्हणजे निर्देशांकासाठी भाव बघतात त्या वस्तूंत असतं, बऱ्याच जणांना माहीत नसतं. नारळ-खोबऱ्यामुळे केरळचा महागाई दर तेव्हा सगळ्या राज्यांच्या वर होता. आपल्याकडे पण वाटणात खोबरं आणि डोक्याला खोबरेल, तेव्हा ज्यांना पाव टक्का पटला नाही त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही.

घाटात दरड पडली की टोमॅटो महागतो. त्यासाठी रिझर्व्ह बँक माझ्या कर्जाचा हप्ता का वाढवते?

सिंधुदुर्गात भाजी कोल्हापूर-बेळगावकडून आंबोली, फोंडा, गगनबावडा असल्या घाटांतून खाली येते, पावसात रस्ता बंद झाला की दोन दिवसांत बाजारात कळतं. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवून दरड हटत नाही, हे रिझर्व्ह बँकेला पण माहीत आहे. म्हणून अन्न आणि इंधन सोडून उरलेल्याचा दर वेगळा काढून बघतात, त्याला कोअर म्हणतात. भाजी चढली आणि उतरली तर सोडून देतात. पण ती महागाई मजुरीत, भाड्यात, हॉटेलच्या थाळीत झिरपायला लागली की मग व्याज वाढवतात, म्हणजे कर्ज महाग, लोक खर्च आवरतात, मागणी थंडावते.

२०१६ साली कायद्यात बदल करून लक्ष्य ठरलं, ४ टक्के, वर-खाली २ ची सूट, आणि २०२१ ला पुढच्या पाच वर्षांसाठी तेच कायम ठेवलं. सलग तीन तिमाह्या ह्या पट्ट्याच्या बाहेर गेलं तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारण द्यायचं. २०२२ ला ही वेळ पहिल्यांदा आली, त्या एप्रिलमध्ये दर ७.७९ होता. तेव्हाच मे २०२२ मधला ४ टक्क्यांचा रेपो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर नेला, हप्ते वाढले ते तेव्हा. पुढे २०२५ मध्ये कपात करत डिसेंबरात तो ५.२५ वर आला.

घाऊक महागाई वेगळी का?

हर्णै बंदरावर लिलावात पाटी ज्या भावाला जाते तो घाऊक, आणि तीच मासळी दापोलीच्या बाजारात तुम्हाला ज्या भावाला मिळते तो किरकोळ. मध्ये बर्फ, टेम्पो, हमाली आणि मासेवालीचा दिवस. घाऊक निर्देशांक वाणिज्य मंत्रालयातल्या आर्थिक सल्लागारांचं कार्यालय काढतं, २०११-१२ पायाच्या मालिकेत त्यात कारखान्याच्या मालाला ६४ टक्के वजन होतं, आणि सेवा म्हणजे डॉक्टर, शाळा, तिकिटं त्यात धरतच नाहीत. त्यामुळे एकाच महिन्यात घाऊक उणे आणि किरकोळ अधिक असं होऊ शकतं, त्यात घोटाळा काही नाही.

चिरे, वाळू, गवंड्याची मजुरी सगळं वाढलं. घर बांधायला घेतलं त्याचं काय?

ते ह्यात नाही. नवीन घर बांधणं किंवा जमीन घेणं म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने गुंतवणूक, रोजचा खर्च नाही. घर म्हणून भाडं धरतात, आणि २०१२ च्या मालिकेत तर ते फक्त शहरातलं होतं, गावात घराला वजनच नव्हतं. कोकणात माणूस आयुष्याची कमाई घरात घालतो आणि तीच महागाई ह्या आकड्यात नाही, म्हणून "सरकारचा आकडा खोटा" असं बोललं जातं. खोटा नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

डीए, म्हणजे महागाई भत्ता, ह्याच आकड्यावर मिळतो का?

नाही. डीएसाठी औद्योगिक कामगारांचा वेगळा निर्देशांक आहे, तो लेबर ब्युरो काढतं, सध्या त्याचा पाया २०१६. केंद्राचा डीए जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, बारा महिन्यांच्या सरासरीवर. त्यामुळे टीव्हीवर पाव टक्का दिसला म्हणून डीए गोठला असं समजू नका. बागेत फवारणीला जाणाऱ्याला किंवा होडीवर जाणाऱ्या खलाशाला कसला डीए, त्याची रोजची मजुरी वाढेल तेव्हा वाढेल.

कोकणाचा वेगळा आकडा मिळतो का?

नाही मिळत. राज्यापर्यंत येतो, जिल्ह्याचा नाही. महाराष्ट्राचं देशाच्या निर्देशांकातलं वजन सगळ्या राज्यांत जास्त, २०१२ च्या मालिकेत १३ टक्क्यांच्या वर, पण ते मुख्यतः शहरांमुळे. त्यातल्या त्यात खेड्यात राहणाऱ्याने महाराष्ट्र-ग्रामीण हा कॉलम बघावा, तो जवळचा. जिल्ह्याचा आकडा काढायला बरेच जास्त बाजार घ्यावे लागतील, खर्च वाढेल हे मान्य, पण किनाऱ्याच्या पाच-सहा जिल्ह्यांचा मिळून एक तरी निघायला पाहिजे असं मला वाटतं.

नवी मालिका आली म्हणतात, म्हणजे काय बदललं?

पाया २०१२ चा २०२४ झाला, फेब्रुवारी २०२६ पासून. वजनं २०२३-२४ च्या खर्च सर्व्हेवरून घेतली. जुन्या मालिकेत खाण्यापिण्याला ४५.८६ टक्के होते, नव्यात ते ४० च्या खाली आले. कारण घराघरात खर्चाची तऱ्हाच बदलली, २०११-१२ ला गावातलं घर खर्चातला ५३ टक्के भाग खाण्यावर घालवायचं, २०२३-२४ ला ४७. मोबाईल, पेट्रोल, शिक्षण, औषधं वाढली. गावातलं घरभाडं पण आता धरलंय. ह्याचा परिणाम असा की इथून पुढे भाजी-कांद्याच्या चढउताराने मुख्य आकडा आधीएवढा नाचणार नाही.

माझ्या घराची महागाई मला काढता येईल का?

येईल, आणि काढाच. दुकानाची खात्याची वही, गॅसची पावती, लाईटबिल जपून ठेवलं असेल तर अर्ध्या तासाचं काम.

धरून चला गेल्या वर्षी महिन्याचा खर्च १८,००० होता. किराणा ५,०००, मासळी-भाजी-दूध ५,०००, गॅस-लाईट २,०००, पेट्रोल-एसटी-मोबाईल ३,०००, औषध आणि शाळा ३,०००. आता तेवढंच सामान, तेवढाच प्रवास ह्या वर्षीच्या भावाने लावा. किराणा २ टक्के वाढला म्हणजे १०० रुपये, मासळी-भाजी-दूध १० टक्के म्हणजे ५००, गॅस-लाईट तसंच, प्रवास ४ टक्के म्हणजे १२०, औषध-शाळा ८ टक्के म्हणजे २४०. एकूण ९६० रुपये जास्त, १८,००० वर ते ५.३ टक्के. पाच टक्केवाऱ्यांची साधी सरासरी काढलीत तर ४.८ येते, ती चूक, कारण मासळी-भाजीवर खर्च जास्त आहे आणि तिथेच वाढ जास्त आहे.

एक गोष्ट सांभाळा. गेल्या वर्षी पापलेट आणायचात आणि यंदा परवडत नाही म्हणून तारली आणलीत, तर बिल कमी येईल, पण ती स्वस्ताई नव्हे. हिशेबात पापलेटच धरायचं, यंदाच्या भावाने. आणि खर्च वाढला तो पाहुणे जास्त आले म्हणून असेल तर तो पण महागाईत टाकायचा नाही.

रिझर्व्ह बँक शहरांत घराघरात विचारून सर्व्हे करते, त्यात लोकांना जाणवणारी महागाई अधिकृत आकड्यापेक्षा साधारणपणे जास्तच येते. रोज घेतो त्याचा भाव डोक्यात राहतो, आणि स्वस्त झालेल्या टीव्हीची आठवण कोणी ठेवत नाही. तुमचा आकडा जास्त आला तर आधी हे तपासा, मग सरकारला शिव्या द्या.

एफडीवर ७ टक्के मिळतात, महागाई ५ टक्के. म्हणजे २ टक्के सुटले?

साधारण, टॅक्स नसेल तर. पण ते ५ तुमच्या घरचे असले पाहिजेत. पेन्शनवरच्या माणसाची औषधं जास्त, त्याने वरच्या पद्धतीने स्वतःचा दर काढून मगच दोन टक्के मोजावेत.

आकडा बघायचा कुठे?

सांख्यिकी मंत्रालयाच्या वेबसाईटवर, दर महिन्याच्या १२ तारखेला दुपारी ४ ला, आधीच्या महिन्याचा. पहिल्या पानावरचं मोठं टक्केवारीचं वाक्य सोडून सरळ खालच्या तक्त्यात जा, गाव, शहर, एकत्रित असे कॉलम असतात आणि पुढे राज्यांचा तक्ता असतो. टक्क्याबरोबर निर्देशांक पण उतरवून घ्या, आणि जुन्या-नव्या मालिकेचे आकडे एकमेकांत मिसळू नका, १९७ नंतर एकदम शंभराच्या आसपासचा आकडा दिसला तर तो पाया बदलल्यामुळे आहे.